शोध घेण्यापूर्वी शब्द तपासावेत

बँकेच्या कामकाजात एक जुना दंडक आहे. नोंद करणारा एक आणि ती तपासून मंजूर करणारा दुसरा. काउंटरवरील कर्मचारी कितीही अनुभवी असो, त्याने केलेली नोंद दुसऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेखालून गेल्यावाचून पुरी होत नाही. या पद्धतीमागे अविश्वास नाही. लिहिणाऱ्याला कागदावर अनेकदा प्रत्यक्ष अक्षरे न दिसता मनातील अक्षरे दिसतात, ही माणसाच्या दृष्टीची मर्यादा त्यात ओळखलेली आहे.

आज घराघरांत एक नवे काउंटर उघडले आहे. मोबाइलच्या पडद्यावरील शोधपेटी हे ते काउंटर. औषधाची माहिती, जुन्या ठेवीचा तपास, जमिनीचा उतारा, बँकेचा दूरध्वनी क्रमांक, नातवंडांच्या प्रवेशाची तारीख अशा नाना कामांसाठी आपण दिवसातून अनेकदा तेथे काही शब्द लिहितो आणि कळ दाबतो. या काउंटरवर दुसरी सही करणारा कोणी नसतो. लिहिणारे आपणच आणि तपासणारेही आपणच. दुर्दैवाने यांतील दुसरे काम बहुतेक वेळा होतच नाही. शोध चुकला तर आपण म्हणतो, "नेटवर काही सापडत नाही." वस्तुतः पुष्कळदा माहिती जागेवर असते, मात्र तिला हाक चुकीच्या नावाने मारलेली असते.

यंत्र चूक कोठवर सावरते?

शोधयंत्रे बऱ्याच चुका आपणहून दुरुस्त करतात, हे खरे आहे. त्यामागे दीर्घ अभ्यास आहे. आयबीएममधील संशोधक फ्रेडरिक डॅमेराऊ यांनी १९६४ साली टंकलेखनातील चुकांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की ८० टक्क्यांहून अधिक चुका चारांपैकी एका प्रकारच्या असतात: एखादे अक्षर गळते, एखादे जास्तीचे पडते, एकाऐवजी दुसरे येते किंवा शेजारची दोन अक्षरे उलटसुलट होतात. पुढल्याच वर्षी रशियन गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी दोन शब्दांमधील अंतर मोजण्याची रीत मांडली. एका शब्दाचा दुसरा शब्द होण्यासाठी किमान किती बदल करावे लागतात, ते त्या दोहोंतील अंतर. आपण लिहिलेल्या चुकीच्या शब्दाजवळचा प्रचलित शब्द यंत्राला सापडतो, त्याच्या मुळाशी ही कल्पना आहे. तिच्या जोडीला लक्षावधी लोकांनी पूर्वी काय लिहिले आणि मग काय दुरुस्त केले, याचा अनुभवही यंत्रापाशी जमलेला असतो.

गंमत अशी की, जगातील सर्वांत मोठ्या शोधयंत्राचे नावही अशाच एका चुकीतून आल्याचे स्टॅनफर्ड विद्यापीठातील तत्कालीन सहकारी सांगतात. एकावर शंभर शून्ये मांडली म्हणजे होणाऱ्या संख्येला इंग्रजीत 'गूगोल' म्हणतात. १९९७ साली हे नाव उपलब्ध आहे का, हे पाहताना एका सहाध्यायाने स्पेलिंग चुकवून 'गूगल' असे टंकित केले. संस्थापक लॅरी पेज यांना ते आवडले आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला त्या नावाची नोंदणी झाली. ती चूक फळाला आली. आपल्या सर्व चुकांचे भाग्य मात्र असे नसते.

यंत्राची दुरुस्ती नेहमी प्रचलित शब्दाच्या दिशेने होते, हे येथे ध्यानात घ्यावे. ज्याचा शोध पुष्कळजण घेतात, तेच आपल्यालाही हवे असणार असे यंत्र धरून चालते. त्यामुळे आपले अचूक लिहिलेले, परंतु विरळा आडनाव किंवा लहानशा गावाचे नाव त्याला चूक वाटू शकते. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ आणि सांगली जिल्ह्यातील शिराळा ही दोन निराळी तालुक्याची ठिकाणे आहेत, तरी इंग्रजी अक्षरांत त्यांच्यामध्ये फारसे अंतर उरत नाही. म्हणून निकालाच्या माथ्यावर "अमुक शब्दासाठी निकाल दाखवीत आहोत" अशी ओळ आली, तर ती वाचल्यावाचून खाली उतरू नये. तिच्याजवळच आपल्या मूळ शब्दानेच शोध घेण्याचा पर्याय दिलेला असतो.

जेथे यंत्र सावरीत नाही

सर्वसाधारण शोधयंत्र आणि एखाद्या संस्थेच्या नोंदींमधील शोध यांत मोठा भेद आहे. पहिले चूक पोटात घालते. दुसरे पुष्कळदा केवळ "नोंद आढळली नाही" एवढेच सांगून थांबते. हे उत्तर वाचून अनेक कुटुंबे शोधच सोडून देतात आणि खरे नुकसान तेथे होते.

बेवारस ठेवींचे उदाहरण घेऊ. बचत किंवा चालू खाते दहा वर्षे वापरले नाही, अथवा मुदत ठेव पूर्ण झाल्यावर दहा वर्षे तिची मागणी झाली नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ साली स्थापन केलेल्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत वर्ग होते. ती बुडत नाही. ठेवीदार किंवा त्याचे वारस आपल्या बँकेकडे केव्हाही तिची मागणी करू शकतात. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १७ ऑगस्ट २०२३ रोजी 'उद्गम' हे संकेतस्थळ खुले केले. आरंभी त्यावर सात बँका होत्या. मार्च २०२४ पर्यंत त्यांची संख्या तीस झाली आणि बेवारस ठेवींच्या एकूण रकमेपैकी सुमारे ९० टक्के रक्कम त्यांच्या कक्षेत आली. मोबाइल क्रमांकाने नोंदणी करून ठेवीदाराचे नाव आणि बँक लिहावी लागते. त्याच्या जोडीला पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पारपत्र किंवा जन्मतारीख यांपैकी एखादा तपशील द्यावा लागतो. नोंद जुळली तर त्या ठेवीचा एक संदर्भ क्रमांक मिळतो आणि पुढील दावा संबंधित बँकेच्या शाखेत करायचा असतो.

खरी परीक्षा येते ती नाव लिहिताना. चाळीस वर्षांपूर्वी खाते उघडणाऱ्या कर्मचाऱ्याने खातेवहीत जे स्पेलिंग लिहिले, तेच पुढे संगणकात गेले. 'चौगुले' हे आडनाव इंग्रजीत किमान चार रीतींनी लिहिलेले आढळते. 'शहा' या आडनावाच्या शेवटी कोणी एक अक्षर जास्त लावतो, कोणी लावीत नाही. 'अण्णासाहेब' कोठे पूर्ण असते, कोठे केवळ आद्याक्षर असते, तर कोठे जन्मनावाने खाते असते आणि 'अण्णासाहेब' हे घरातील संबोधन बँकेला ठाऊकच नसते. आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचे नाव मध्ये आहे की नाही, हेही प्रत्येक शाखेत निराळे.

स्त्रियांच्या ठेवींबाबत तर दुप्पट काळजी हवी. आपल्याकडे विवाहानंतर आडनाव बदलते आणि पूर्वी बहुधा मुलीचे नावही बदलत असत. माहेरी वडिलांनी मुलीच्या नावे ठेवलेली पावती माहेरच्या नावाची असते. सासरी उघडलेले खाते दुसऱ्या नावाचे असते. आईच्या पश्चात मुले तिच्या सासरच्या नावाने शोधतात, काही सापडत नाही आणि विषय संपतो. माहेरच्या नावाने एकदाही शोध घेतलेला नसतो. ती रक्कम मोठी असेलच असे नाही. तथापि कोणीतरी पोटाला चिमटा घेऊन बाजूला ठेवलेला तो पैसा असतो आणि तो केवळ एका नावापायी पडून राहणे योग्य नव्हे.

यास्तव असा शोध घेण्यापूर्वी एक कागद घ्यावा. जुनी पासबुके, ठेवपावत्या, विम्याची कागदपत्रे, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका यांतून त्या व्यक्तीचे नाव ज्या ज्या रूपांत आढळते, ती सर्व रूपे क्रमाने लिहून काढावीत. मग एकेक रूप टाकून पाहावे आणि पाहून झाले की त्यापुढे खूण करावी. हे काम तासाभराचे आहे. स्मरणावर विसंबून तीन-चार वेळा टंकित करण्याने मात्र तेच तेच नाव पुनःपुन्हा शोधले जाते.

जमिनीच्या सातबारा उताऱ्याचेही असेच आहे. शासनाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि गाव निवडून गट क्रमांकाने अथवा नावाने शोध घेता येतो. महाराष्ट्रात एका नावाची अनेक गावे आहेत. पेठ वडगाव कोल्हापूर जिल्ह्यातील, वडगाव मावळ पुणे जिल्ह्यातील. तालुका चुकला तर उतारा मिळतो, पण तो भलत्याच्याच जमिनीचा असतो. काहीच न मिळण्यापेक्षा चुकीचे मिळणे अधिक घातक, कारण तेथे चूक झाल्याची शंकाही येत नाही.

एका अक्षराचे मोल

अंक आणि अक्षर यांची गल्लत ही आणखी एक नित्याची बाब. बँकांच्या शाखांना दिलेला आयएफएससी संकेतांक अकरा चिन्हांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, अखेरची सहा चिन्हे शाखेची आणि पाचवे चिन्ह नेहमी शून्य. अनेकजण त्या शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' हे अक्षर लिहितात आणि संकेतांक सापडत नाही म्हणून गोंधळतात. तसेच इंग्रजी लहान 'एल' आणि एक हा अंक पुष्कळ छापील कागदांवर सारखेच दिसतात.

देवनागरीत शोध घेताना अडचणी निराळ्या. ऱ्हस्व-दीर्घ बदलले की 'दिन' आणि 'दीन' हे अर्थानेच भिन्न शब्द होतात. 'बँक' हा शब्द अनुस्वाराच्या जागेनुसार दोन तऱ्हांनी टंकित होतो आणि डोळ्यांना फरक जाणवतही नाही. काही नोंदींत आकडे देवनागरी असतात, काहींत इंग्रजी. एका प्रकाराने मिळाले नाही, तर दुसऱ्याने पाहावे. मोबाइलची कळपाटी पुढचा शब्द आपणहून सुचविते, हे सोयीचे आहे, पण तिने सुचविलेला शब्द आपला नसूनही वाक्यात शिरतो. म्हणून कळ दाबण्यापूर्वी पेटीतील मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकदा वाचावा. आपल्या मनातील वाक्य न वाचता पडद्यावरील वाक्य वाचावे.

औषधांच्या बाबतीत ही दक्षता केवळ सोयीची राहत नाही, ती आवश्यक ठरते. हायड्रॅलॅझिन हे उच्च रक्तदाबावरील औषध आहे. हायड्रॉक्सिझिन हे खाज व अ‍ॅलर्जीवर दिले जाते. दोन्ही नावे उच्चारात आणि लेखनात इतकी जवळची आहेत की, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा जोड्यांमधील वेगळी अक्षरे मोठ्या लिपीत छापण्याची शिफारस केली आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील घाईचे अक्षर वाचून, अंदाजाने नाव टंकित करून जी माहिती मिळेल, ती कोणत्या औषधाची असेल याची शाश्वती काय? त्यापेक्षा औषधाच्या पट्टीवरील छापील नाव एकेक अक्षर पाहून लिहावे. त्यातही व्यापारी नावाखाली लहान अक्षरांत दिलेले मूळ घटकाचे नाव लिहिणे अधिक सुरक्षित. मात्रेचे एककही पाहावे. थायरॉइडच्या विकारावरील लेव्होथायरॉक्सिनची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. तेथे मिलिग्रॅम लिहिले तर एका क्षणात हजारपट फरक पडतो. आणि अशा शोधातून मिळालेले उत्तर डॉक्टरांना काय विचारावे हे ठरविण्यापुरतेच वापरावे. गोळी घ्यावी की सोडावी, हा निर्णय त्यावरून करू नये.

प्रश्नाचा रोख

शुद्धलेखन निर्दोष असूनही प्रश्न सदोष असू शकतो. गूगलने ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्या यंत्रणेत केलेली एक सुधारणा समजावून देताना बोलके उदाहरण दिले होते. ब्राझीलच्या प्रवाशाला अमेरिकेत जाण्यासाठी व्हिसा लागतो का, असा प्रश्न होता. जुनी यंत्रणा इंग्रजीतील दिशादर्शक छोट्या शब्दाकडे दुर्लक्ष करी आणि अमेरिकन नागरिकांनी ब्राझीलला जाण्याविषयीची माहिती पुढे करी. शब्द सगळे तेच, दिशा मात्र उलट. आता यंत्रे असे बारकावे अधिक जाणतात. तरीही आपल्या प्रश्नात कोणाकडून कोणाकडे, कोणत्या वर्षासाठी आणि कोणत्या राज्यासाठी, हे स्पष्ट लिहिणे ही आपलीच जबाबदारी. 'ज्येष्ठ नागरिक व्याजदर' एवढ्यावर गेल्या दहा वर्षांतील कोणतेही पान येऊ शकते. बँकेचे नाव, ठेवीचा प्रकार आणि चालू वर्ष जोडले तर उपयोगाचे पान हाती लागण्याची शक्यता वाढते.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. आपण प्रश्नातच उत्तर घालून विचारतो. 'हळदीने मधुमेह बरा होतो' असे लिहिले की तसेच म्हणणारी पाने वर येण्याचा संभव अधिक, कारण शब्द त्यांच्याशी जुळतात. पाने मिळाली म्हणजे म्हणणे सिद्ध झाले असे वाटू लागते. न्यायालयात आपल्याच बाजूच्या साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालणारा प्रश्न सहसा विचारू देत नाहीत, ते याचसाठी. 'हळद आणि मधुमेह: वैद्यकीय अभ्यास' असे तटस्थ लिहावे. शक्य असेल तर उलट बाजूनेही एकदा विचारावे. दोन्हीकडची उत्तरे समोर आली की आपला विवेक कामाला लागतो.

चिन्हांची शिस्त

शोध नेमका करण्यासाठी काही चिन्हे उपयोगी पडतात. शब्दसमूह दुहेरी अवतरणचिन्हांत घातला तर ते शब्द त्याच क्रमाने असलेली पाने शोधली जातात. संपूर्ण नाव शोधताना हे फार उपयोगी. नको असलेल्या शब्दाआधी वजाबाकीचे चिन्ह दिले तर तो शब्द असलेली पाने वगळली जातात. मात्र चिन्हापूर्वी मोकळी जागा हवी आणि चिन्ह त्या शब्दाला चिकटलेले हवे. मध्ये जागा सुटली तर वगळण्याची सूचना लागूच पडत नाही. विशिष्ट संकेतस्थळापुरता शोध घ्यायचा असेल तर इंग्रजीत 'साइट' हा शब्द, त्याला लागून अपूर्णविरामाची दोन टिंबे आणि त्यांना लागूनच संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. येथे मराठी कळपाटी चालू असेल तर टिंबांच्या जागी विसर्ग पडतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण यंत्राला ते निरनिराळे. अवतरणचिन्हही एकच बाजू घालून दुसरी विसरली जाते. तेव्हा उघडलेले चिन्ह मिटले की नाही, हे हिशेबातील जमा-नावे जुळविल्याप्रमाणे पाहावे.

काय शोधू नये

अखेरीस एक तपासणी अशी की, हा शोध येथे घ्यावा का, हेच पाहावे. खाते क्रमांक, आधार क्रमांक, कार्डाचा गुप्त अंक हे शोधपेटीत लिहिण्याचे तपशील नव्हेत. बँकेचा ग्राहक सेवा क्रमांकही सर्वसाधारण शोधातून घेऊ नये. भामट्यांनी आपले क्रमांक बँकेच्या नावाने पसरवून ठेवलेले असतात. अडचणीत सापडलेला माणूस घाईने शोधतो आणि समोर येईल तो क्रमांक फिरवितो, याच घाईवर त्यांचा धंदा चालतो. आपल्या कार्डाच्या मागील बाजूस आणि पासबुकावर बँकेचा क्रमांक छापलेला असतो. तोच वापरावा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' अशा पत्त्यावर नेण्याचे निर्देश दिले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली. म्हणून पत्त्याचा शेवट वाचण्याची सवय घरातील सर्वांनी लावून घ्यावी. निकालाच्या माथ्यावर 'प्रायोजित' असे लिहिलेले असेल तर ती जाहिरात आहे, हेही विसरू नये. फसवणूक झाल्याचे ध्यानात येताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. त्यात जितका विलंब कमी, तितकी रक्कम अडविण्याची शक्यता अधिक.

पैसे पाठवितानाही हाच न्याय आहे. १ एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस व एनईएफटीने रक्कम पाठविण्यापूर्वी लाभार्थ्याचे खात्यावरील नाव पाहण्याची सोय बँकांनी द्यावी, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. पडद्यावर आलेले नाव न वाचता पुढे जाणाऱ्यास मात्र कोणतीही सोय वाचवू शकत नाही.

हे सारे वाचून काही वाचकांस वाटेल की, एवढ्याशा शोधासाठी इतके सोपस्कार कशाला? रोजच्या शोधाला ते नकोतच. हवामान किंवा भाजीची कृती पाहताना अक्षर चुकले तर बिघडत नाही. परंतु पैसा, औषध, जमीन आणि ओळख या चार बाबतींत शोध घ्यायचा असेल तेव्हा अर्धा मिनिट थांबावे. नाव कागदावरून पाहून लिहिले का? अंक आणि एकक बरोबर आहेत का? स्थळ व वर्ष घातले का? प्रश्नात आपलेच उत्तर दडलेले नाही ना? आणि यंत्राने आपला शब्द परस्पर बदलला नाही ना? एवढे पाच प्रश्न पुरेसे आहेत.

शक्य असेल तेथे घरातील दुसऱ्या माणसालाही पडदा दाखवावा. आजी-आजोबांना जुनी नावे, गावे, नाती आणि कागदपत्रे ठाऊक असतात. नातवंडांना चिन्हे आणि कळपाटी ठाऊक असते. एकाने वाचून दाखवावे, दुसऱ्याने लिहावे आणि पहिल्याने ते पुन्हा पाहावे. कळ त्यानंतर दाबावी.